कुत्र्याची वफा आणि आमची नफरत

कुत्रा नापाक आहे, हे आमच्या मोहल्ल्यातल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याची लाळ नापाक की अंग, अंग ओले असतानाच की कोरडे असतानाही, कोणत्या इमामांच्या मते किती, हे त्या पोराच्या बापाला विचारा; तो गप्प बसतो. बापाला एवढेच शिकवले गेले आणि त्याने पोराला एवढेच शिकवले, की कुत्रा दिसला की 'छी' म्हणायचे, कपडे आवरायचे आणि हाताशी दगड असला तर भिरकवायचा. पाकी-नापाकीचा एक छोटा मसला होता. तो पाण्याने सुटणारा होता. आम्ही तो दगडाने सोडवू लागलो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कुत्र्याची आपल्या धन्याशी असलेली वफा ही खरी गोष्ट आहे, ती भाकरीची लाचारी नाही. आमच्या दीनने या वफेची नोंद घेतली आहे आणि तिचा मान राखला आहे. दीनने सांगितले ते स्वच्छतेचे नियम. नफरत आम्ही आमच्या पदरची घातली. आणि पदरची नफरत दीनच्या नावावर खपवणे हा कुत्र्यावर तर जुलूम आहेच, पण दीनवरही आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. 'वफादार' हा शब्द वाक्यात वापरा म्हटले, की बहुतेक वह्यांत एकच वाक्य येते : 'कुत्ता वफादार जानवर है.' आम्ही त्याला बरोबरची खूण करतो. मधली सुट्टी होते आणि ज्या हातांनी ते वाक्य लिहिले तेच हात फाटकाबाहेर झोपलेल्या कुत्रीवर खडे मारू लागतात. वहीतली वफा वहीतच राहते. पोरांना यात काही विसंगती वाटत नाही, कारण मोठ्यांनाही वाटत नाही. मोठ्यांच्या तोंडी 'कुत्ता' ही शिवी आहे, 'कुत्ते की मौत' ही बद्दुआ आहे आणि 'धोबी का कुत्ता' ही हेटाळणी आहे. मराठीही यात मागे नाही. 'कुत्रं हाल खाणार नाही' असे मराठी माणूस सहज म्हणतो. जो प्राणी इमानासाठी सगळ्या जगात ओळखला जातो, त्याचेच नाव आम्ही बेइमान माणसाला शिवी म्हणून देतो. हा न्याय कुठला?

कोणी म्हणेल, शिवीत काय आहे? भाषा आहे, चालायचेच. पण शिक्षकाला भाषा अशी सोडून देता येत नाही. मूल जे रोज ऐकते तेच त्याचे मत होते.

गुहेच्या दारातला कुत्रा

सूरह कहफ आमच्यातले कितीतरी लोक दर जुम्म्याला वाचतात. त्यात असहाब-ए-कहफची हकीकत आहे. जालीम राजवटीपासून आपला ईमान वाचवण्यासाठी काही तरुण गुहेत जाऊन बसतात, अल्लाह त्यांना शेकडो वर्षे झोपवतो. त्यांच्यासोबत एक कुत्रा आहे. अठरावी आयत या कुत्र्याचे चित्र उभे करते : गुहेच्या उंबऱ्यावर पुढचे दोन्ही पाय पसरून तो बसला आहे. कुत्र्याला जवळून पाहिलेल्या कोणालाही ही बसण्याची तऱ्हा ओळखीची आहे. धनी आत, आपण दारात आणि तोंड बाहेर. राखणीला बसलेला कुत्रा असाच बसतो.

पुढे बाविसावी आयत आहे. हे तरुण किती होते, यावर लोक वाद घालतात. कोणी म्हणते तीन, चौथा त्यांचा कुत्रा. कोणी म्हणते पाच, सहावा कुत्रा. कोणी म्हणते सात आणि आठवा कुत्रा. वाचकहो, इथे थांबून विचार करा. माणसांच्या संख्येवर मतभेद आहे, पण कुत्र्याला वगळून कोणीच मोजत नाही. तीनही मोजण्यांत तो आहे. खरी संख्या अल्लाहला ठाऊक, असे आयत सांगते. पण कुत्र्याला का मोजता, असे ती कोणालाही म्हणत नाही. त्या तरुणांनी असे काय केले की त्यांचा जिक्र कियामतपर्यंत राहिला? त्यांनी आपल्या रबशी वफा केली. आणि कुत्र्याने काय केले? त्याने त्या तरुणांशी वफा केली. दोन्ही वफा एकाच गुहेत, एकाच कलामात नोंदल्या गेल्या.

रिवायतीत या कुत्र्याचे नाव कितमीर सांगतात. ते कुरआनमध्ये नाही, हे आम्ही जाणतो. पण आमच्याकडे असहाब-ए-कहफच्या नावांचे तावीज लिहितात, त्यात सगळ्या नावांच्या शेवटी कितमीरचेही नाव असते. हिफाजतीसाठी ते लेकराच्या गळ्यात बांधतात. म्हणजे कुत्र्याचे नाव आम्हांला गळ्यात चालते, कुत्रा मात्र गल्लीत चालत नाही! शेजारच्या हिंदू बांधवांचेही वेगळे नाही. दत्ताच्या पायाशी आणि खंडोबासोबत कुत्रा असतो, तसबिरीतल्या त्या कुत्र्याला हात जोडतात आणि दारातल्या कुत्र्याला लाथ बसते. या बाबतीत आम्ही सगळे एकाच गावचे आहोत.

मसला काय, आम्ही केले काय

आम्ही आलिम नाही. बी.एड. झालेले शिक्षक आहोत. फतवा देणे आमचे काम नव्हे. पण वाचणे आमचे काम आहे. आणि वाचले की जे दिसते ते सांगितले पाहिजे.

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरून आणलेली शिकार, अल्लाहचे नाव घेऊन, हलाल ठरवली आहे. शिकवणाऱ्यासाठी तिथे आलेला अरबी शब्द 'कल्ब' म्हणजे कुत्रा या शब्दावरूनच बनलेला आहे. जनावराला शिकवण्याचे हे इल्मही अल्लाहनेच तुम्हांला दिलेले आहे, असे आयत म्हणते. कुत्र्याने तोंडात धरून आणलेली शिकार जो दीन हलाल करतो, तो दीन कुत्र्याच्या अस्तित्वाचाच तिरस्कार करतो, असे कसे म्हणता येईल?

हदीसमध्ये कुत्रा पाळणाऱ्याच्या सवाबातून रोज वजावट होते, असे आले आहे. हे आम्ही लपवत नाही. पण त्याच हदीसमध्ये जनावरांच्या राखणीचा, शेताचा आणि शिकारीचा कुत्रा वगळला आहे, हे सांगताना आमच्या वाइजांचा आवाज एकदम का खाली येतो? अनेक फुकहांनी घराच्या राखणीलाही याच सवलतीत बसवले आहे. म्हणजे शौक वेगळा आणि गरज वेगळी, असा हा साधा हिशेब आहे. मदिन्यात एका काळी कुत्री मारण्याचा हुकूम झाला होता, हेही अनेकजण सांगतात. तो हुकूम नंतर मागे घेतला गेला, हे सहीह मुस्लिममध्ये आहे. ते मात्र सांगत नाहीत. कुत्री हीदेखील उम्मतींपैकी एक उम्मत आहे, असा प्रेषितांचा (स.) इर्शाद हदीसच्या किताबांत आहे. तो तर कोणीच सांगत नाही.

आता भांड्याचा मसला. कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा धुवा, त्यातली एक वेळ मातीने, अशी हदीस आहे. त्यावर इमामांचे मत एक नाही. इमाम मालिक यांच्या मते कुत्रा मुळात पाकच आहे. भांडे धुवायचे ते हुकूम आहे म्हणून. हनफी मसलकमध्ये लाळ नापाक, पण कुत्र्याचे अंग डुकरासारखे जातीनेच नापाक नाही. भांडे तीनदा धुतले तरी पुरते. शाफई मसलक सर्वांत कडक आहे. त्यात पूर्ण कुत्राच नापाक आणि सात वेळा धुणे लाजिम. आपल्या महाराष्ट्रात देशावरचे आणि मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई. म्हणजे घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली कुत्र्याबद्दलचा मसला वेगळा आहे. पण शाफई मसलकमध्येसुद्धा कोरडे अंग कोरड्या कपड्याला लागले तर कपडा नापाक होत नाही. मग रत्नागिरीत काय आणि औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात काय, नुसता कुत्रा बाजूने गेला म्हणून वुजू तुटला असे सांगणारी आमची माणसे कोणत्या मसलकची आहेत? ती कोणत्याच मसलकची नाहीत. ती आळसाच्या मसलकची आहेत. मसला विचारण्यापेक्षा दगड उचलणे सोपे पडते.

आणखी एक गोष्ट. भांडे कसे धुवावे हा नियम कोणत्या घराला लागतो? ज्या घराच्या आसपास कुत्रा आहे, त्याच घराला. धुण्याचा नियम हा सोबत राहण्याचा नियम आहे. ज्याला हाकलूनच द्यायचे, त्याच्यासाठी सात वेळा भांडे धुण्याची तरतूद कशाला हवी होती? सहीह बुखारीत इब्न उमर यांची रिवायत आहे, की प्रेषितांच्या (स.) काळात मस्जिदीत कुत्री येत-जात आणि त्यासाठी कोणी पाणी शिंपडत नसे. आज आमच्या एखाद्या मस्जिदीच्या पायरीवर पावसात कुत्रे बसले तर काय होते, ते सांगायला नको.

'ज्या घरात कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत,' हे शेवटचे अस्त्र. ही हदीस आम्हांला मान्य आहे. म्हणून घरात, बिछान्यावर, चुलीजवळ कुत्रा नको, ठीक आहे. बाहेर ओट्यावर, अंगणात, गोठ्याशी असू द्या. पण गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारल्याने फरिश्ते घरात येतात, असे कोणत्या हदीसमध्ये आहे? उलट जे आहे ते असे : एक तहानलेला माणूस विहिरीत उतरून पाणी प्यायला, वर आला तर एक कुत्रा तहानेने ओली माती चाटत होता. माणूस पुन्हा उतरला, चामडी मोज्यात पाणी भरले, मोजा दातांत धरून वर चढला आणि कुत्र्याला पाजले. त्याची मगफिरत झाली. दुसऱ्या रिवायतीत बनी इसराईलमधली एक बदनाम स्त्री आहे; तिचीही याच एका कामावर बख्शिश झाली. ज्या दातांत मोजा धरला त्या दातांच्या पाकीचा प्रश्न तिथे कोणी काढला नाही. जनावरांच्या बाबतीतही सवाब आहे का, असे सहाबांनी विचारले, तेव्हा प्रत्येक जिवंत प्राण्याच्या बाबतीत सवाब आहे, असा जवाब मिळाला. ही हकीकत आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. कोणत्या जनावराची, तेवढे आम्ही विसरतो.

आमच्याच किताबांतली वफा

कुत्र्याचे कौतुक ही इंग्रजांची देणगी आहे, असे आमच्यातल्या काहींना वाटते. बसऱ्याच्या अल-जाहिजने नवव्या शतकात 'किताब अल-हयवान' लिहिली. तीत कुत्र्याची बाजू घेणारा आणि कोंबड्याची बाजू घेणारा यांचा भलामोठा वाद आहे. बगदादच्या इब्न अल-मर्जुबानने दहाव्या शतकाच्या आरंभी एक किताब लिहिली, तिच्या नावाचा अर्थच असा की कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्री श्रेष्ठ आहेत. धन्यासाठी जीव टाकणाऱ्या कुत्र्यांचे किस्से त्याने त्यात गोळा केले. माणसांची बेवफाई पाहून त्याने हे केले. लैलाच्या गल्लीतल्या कुत्र्याला छातीशी धरणारा मजनू फारसी आणि उर्दू शायरीत जागोजाग भेटतो. शेख सादींनी 'गुलिस्ताँ'मध्ये असहाब-ए-कहफच्या कुत्र्याची आठवण काढली आहे. पंजाबच्या बुल्ले शाहने रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याला इबादत करणाऱ्यापेक्षा वर बसवले. हे सगळे आमचे लोक, आमचा वारसा. आम्ही त्यातले पतरस बुखारींचा 'कुत्ते' हा विनोदी लेख तेवढा लक्षात ठेवला, कारण त्यात हसायला मिळते.

भाकरी आणि वफा

आता दुनियादारीकडे येऊ. काही शहाणे म्हणतात, कुत्र्याची वफा म्हणजे भाकरीची वफा. तुकडा टाकतो त्याच्यामागे तो जातो. हे तपासून पाहता येते आणि लोकांनी पाहिलेही आहे.

जपानमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. आई आणि तान्ह्या बाळाच्या जवळिकीत वाढते तेच हे. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत तसे झाले नाही. त्याच वर्षी क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसरा प्रयोग मांडला. कुत्र्याच्या देखत धनी एक डबा उघडण्यासाठी एका माणसाची मदत मागतो आणि तो माणूस पाठ फिरवतो. नंतर त्याच माणसाने आणि तिथेच बसलेल्या, यात न पडलेल्या दुसऱ्या माणसाने खाऊ पुढे केला, तर कुत्री पाठ फिरवणाऱ्याकडून खाऊ घ्यायला टाळाटाळ करत. वफा भाकरीची असती तर खाऊ देणारा कोण, याला काय महत्त्व? कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी तर आपल्याच देशातल्या गल्लीतल्या, बिनधन्याच्या कुत्र्यांवर काम केले. अनोळखी माणसाशी वारंवार भेट होते तेव्हा खाण्यापेक्षा अंगावरून फिरवलेल्या हाताने त्यांचा भरवसा जास्त बसतो, असे त्यांना 2017 साली आढळले. ज्यांना आम्ही दगड मारतो ती हीच कुत्री.

वाढवून सांगायची आमची इच्छा नाही. सिनेमातले कुत्रे धन्याला वाचवायला डॉक्टरला बोलावून आणते. प्रत्यक्षात तसे नसते. कॅनडात 2006 साली धन्यांनी हृदयविकाराच्या झटक्याचे नाटक करून पाहिले, तेव्हा कुत्री मदत आणायला धावली नाहीत. पण अमेरिकेत ॲरिझोनामध्ये 2020 साली दुसरी गोष्ट समोर आली. धनी एका खोक्यात अडकून मदतीसाठी हाका मारत होता; 60 कुत्र्यांपैकी 20 कुत्र्यांनी खोका उघडून त्याला सोडवले. कमी वाटतात? पण त्याच खोक्यात खाणे टाकले तेव्हा ते मिळवण्यासाठी खोका उघडणारी कुत्रीही 19च निघाली. म्हणजे बाकीच्यांना धन्याची पर्वा नव्हती असे नाही, खोका उघडायचा कसा हेच त्यांना कळत नव्हते. धनी हाका मारत असताना कुत्री जास्त अस्वस्थ होत आणि कुंईकुंई करत, हेही त्यांनी नोंदवले. इच्छा आहे पण हिकमत नाही, अशी माणसेही आपण रोज पाहतो. त्यांना आपण बेवफा म्हणत नाही.

रक्षणाचे उदाहरण हवे तर दूर जायला नको. आपल्या अकोले तालुक्यात उसाच्या फडात बिबटे राहतात. तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, 2014 साली तो प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. वस्तीवरची, गल्लीतली, मोकाट, सगळीच कुत्री यात आली. वस्तीवरचा कुत्रा रात्री दारात असतो, शेळ्या आतल्या बाजूला असतात. बिबट्या आधी कोणाला गाठणार? तरीही धनगराचा कुत्रा वाघरात मेंढरांभोवती फिरत राहतो, भुंकतो आणि माणूस जागा होतो. बागवान असो की कुरेशी, ज्याचे शेत किंवा गोठा गावाबाहेर आहे असा मुसलमानही हे जाणतो आणि कुत्रा पाळतो. मोहल्ल्यात आला की मात्र त्याचे नाव काढत नाही. गरज शेतात आणि नफरत वस्तीत, असा हा दुटप्पीपणा आहे.

भीती खरी आहे, दगड खोटा आहे

कोणी आम्हांला विचारेल, मास्तर, तुमच्या शाळेतल्या पोराला कुत्रे चावले तर? प्रश्न रास्त आहे. रेबीज झाला की माणूस जवळजवळ नक्कीच मरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला सुमारे 59,000 माणसे या रोगाने दगावतात, माणसाला होणारा रेबीज बहुतेक सगळा कुत्र्यामार्फत येतो, आणि त्यात लहान मुले फार असतात. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, असा आदेश दिला, तो याच काळजीपोटी. मुलाचा जीव कुत्र्याच्या जिवापेक्षा मोठा आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण दगडाने रेबीज थांबतो का? दगड खाल्लेले कुत्रे पुढच्या पोराला चावते. विणलेल्या कुत्रीची पिल्ले उचलून फेकली तर ती अंगावर येणारच; कोणतीही आई येईल. रेबीज थांबतो तो लसीने. कुत्र्यांपैकी 70 टक्क्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे तज्ज्ञ सांगतात. शेजारच्या गोव्यात राज्य शासन आणि मिशन रेबीज यांनी वर्षानुवर्षे कुत्र्यांना लसी टोचल्या, शाळाशाळांतून मुलांना शिकवले आणि 2019 पर्यंत रेबीजने होणारे माणसांचे मृत्यू शून्यावर आणले. आमच्या किती उर्दू शाळांतल्या मुलांना ठाऊक आहे, की चावा बसला की आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवायची, हळद-चुना-मिरची लावायची नाही, झाडफूक करत बसायचे नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची? चावल्याचे घरी सांगितले तर मार बसेल म्हणून मुले लपवतात, हा खरा धोका आहे.

आणि मोहल्ल्यात कुत्री वाढतात का, हेही एकदा स्वतःला विचारू. नगरपालिकेची कचरागाडी आमच्या वस्तीत वेळेवर येत नाही, ही आमची तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. पण कोंबडीच्या दुकानातली घाण गटारात कोण टाकते? बकरीईदच्या तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर ओझडीचा ढीग कोणाचा असतो? आम्हीच दस्तरखान पसरायचा आणि पाहुणे आले की त्यांना दगड मारायचे! सफाई निम्मा ईमान असल्याचे फलक आम्ही मस्जिदीत लावतो. तो फलक कोपऱ्यावरच्या ढिगापर्यंत पोहोचला तर निम्मी कुत्री आपोआप कमी होतील.

दुसऱ्या बाजूच्यांना दोन शब्द

कुत्र्यांचे पुतळे करून मिरवणाऱ्या श्वानप्रेमींनाही आम्ही सोडणार नाही. हजारो रुपये मोजून बर्फाळ मुलुखातले केसाळ पिल्लू आणायचे, नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर बांधायचे आणि म्हातारे किंवा आजारी झाले की हायवेवर सोडून द्यायचे. ही कोणती मोहब्बत? टोकियोचा हाचिको 1925 साली वारलेल्या आपल्या प्राध्यापक धन्याची वाट शिबुया स्टेशनवर 1935 साली स्वतः मरेपर्यंत पाहत राहिला. त्याची गोष्ट सांगून डोळे पुसणाऱ्यांनी आपला कुत्रा कोणत्या स्टेशनवर सोडला, तेही सांगावे. मुसलमान कुत्र्यांचा दुश्मन, अशी टिंगल हीच मंडळी करतात. वफा कुत्र्याने करायची आणि माणसाने तिचा शौक करायचा, हा करार आम्हांला मंजूर नाही. शरीअतने शौक आणि गरज यांत जो फरक केला, त्यात या लोकांनीही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

काय करता येईल

आमच्या अपेक्षा मोठ्या नाहीत. खतीबसाहेबांनी वर्षातून एक जुम्मा जनावरांच्या हकांवर बोलावे आणि त्या दिवशी तहानलेल्या कुत्र्याची हकीकत सांगताना 'एक प्यासा जानवर' असे न म्हणता 'कुत्ता' असे स्पष्ट म्हणावे. मकतबमध्ये मुलांना मसला पूर्ण शिकवावा : लाळ लागली तर काय करायचे, कोरडे अंग लागले तर काय, कोणासाठी सात वेळा, कोणासाठी तीन. पूर्ण मसला शिकलेले मूल घाबरत नाही आणि न घाबरणारे मूल दगड उचलत नाही. शाळेत चाव्याचे प्रथमोपचार शिकवावेत. वर्गात एक तास त्याला पुरतो. नगरसेवकाकडे गटार आणि नळ मागतो तसे कुत्र्यांचे लसीकरण आणि नसबंदी मागावी. ते कायद्याने नगरपालिकेचेच काम आहे. उन्हाळ्यात घराबाहेर, रस्त्याच्या कडेला, पाण्याचे एक मातीचे भांडे ठेवावे. घरातले भांडे द्या, असे कोणी म्हणत नाही.

आणि बापांनी एक करावे. मुलाच्या हातातला दगड काढून घ्यावा. आज तो कुत्र्यावर मारतो, कारण कुत्रा नापाक आहे असे त्याला सांगितले आहे. उद्या त्याला कोणी दुसऱ्या कोणाबद्दल तेच सांगेल. या मुलुखात एखाद्या जमातीला नापाक ठरवून तिच्यावर हात उचलण्याचा इतिहास जुना आहे आणि ते आमच्याबाबतीतही घडलेले आहे. जिवंत जिवाला नापाक म्हणून मारण्याची पहिली शिकवणी आमच्या पोरांना आमच्याच गल्लीत मिळू नये.

पुढच्या जुम्म्याला सूरह कहफ वाचाल तेव्हा अठराव्या आणि बाविसाव्या आयतीचा तर्जुमाही वाचा, मुलांना जवळ बसवून वाचा. कोण कोण मोजले गेले आहे, ते त्यांनाच मोजू द्या.